चौलचं बंदर आणि आपलं जुन्नर

आपल्या तालुक्याचा इतिहास म्हटला की शिवनेरी, आणि शिवनेरी म्हटलं की १९ फेब्रुवारी १६३०. यात गैर काहीच नाही. शिवजयंतीला पहाटे गड चढून, ज्योत घेऊन गावापर्यंत पळत आलेली मुलं आपल्या वर्गात कितीतरी होती. पण त्यामुळे एक राहून गेलं. महाराजांचा जन्म झाला तेव्हा जुन्नर हे गाव किमान सोळाशे वर्षांचं होतं आणि त्याचं पोट बरंचसं समुद्रावर भरत होतं, हे आपल्या डोक्यात नीट बसलं नाही. समुद्र आपल्यापासून सरळ रेषेत शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आणि मध्ये सह्याद्रीची भिंत. आपण स्वतःला घाटावरची माणसं म्हणवतो. नारायणगावात मासे मिळतात ते धरणाचे.

नववीत आपली सहल नाणेघाटात गेली होती. एसटीने घाटघरपर्यंत आणि पुढे चालत. तो दगडी रांजण सगळ्यांना आठवत असेल, कारण त्यात कोण मावतं याची पैज लागली होती. सरांनी सांगितलं होतं, हा जकातीचा रांजण, वर चढून येणारे व्यापारी यात नाणी टाकायचे. गुहेतला नागनिका राणीचा लेख दाखवला. त्यातल्या यज्ञांच्या दक्षिणेत मोजलेल्या गायी आणि कार्षापण वाचून दाखवले. मग आपण कड्यावर बसून डबे खाल्ले आणि खाली कोकणाकडे बघितलं. ती वाट खाली उतरून कुठे जाते हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही. ती जाते बंदरांवर: कल्याण, सोपारा, चौल. वाटेचं एक टोक आपल्या घरासमोर आणि दुसरं टोक आपण बघितलेलंच नाही, अशी ही गोष्ट आहे. गेल्या डिसेंबरात आपल्याच बॅचच्या तीन मैत्रिणींबरोबर मी ते दुसरं टोक बघायला चौल-रेवदंड्याला गेले. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने ‘आयटीतले अनुभव’ मागितले होते. त्याऐवजी हे लिहिते आहे, सांभाळून घ्यावं.

आधी जुन्नरच्या बाजूचा पुरावा. लेण्याद्री, तुळजा, मानमोडी, शिवनेरी धरून जुन्नरभोवती दोनशेच्या आसपास लेणी कोरलेली आहेत. भिक्षूंनी राहायचं, पण पैसा लोकांचा. कुणी काय दिलं ते भिंतीवर ब्राह्मीत कोरून ठेवलेलं आहे. यात तीन नावं यवनांची आहेत. इरिल नावाच्या यवनाने दोन पोढी, म्हणजे पाण्याची टाकी दिली. चित नावाच्याने संघाला भोजनमंडप दिला. चंद नावाच्याने लेण्याचं दर्शनी काम करून दिलं. कल्याणच्या एका सोनाराच्या घरचंही दान आहे. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा लेख मानमोडीत आहे. आता यवन म्हणजे पश्चिमेकडून आलेला माणूस. तो आकाशातून जुन्नरला उतरला नाही. जहाजातून उतरला, घाट चढला आणि इथे इतका रमला की भिक्षूंच्या जेवणाची सोय करून गेला. आपल्याकडे देवळाला फरशी बसवून देणाऱ्याचं नाव पायरीवर असतं, तेच हे.

चौलचं नाव तितकंच जुनं आहे. पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशाच्या ‘पेरिप्लस’मध्ये ते सेमिल्ला म्हणून येतं, टॉलेमीकडे येतं, कान्हेरीच्या लेखांत चेमुल म्हणून येतं. अरब त्याला सैमूर म्हणत. अल-मसूदी हा बगदादचा प्रवासी इ.स. ९१५-१६ च्या सुमारास तिथे आला. राज्य शिलाहार झंझ राजाचं होतं. गावात दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात, त्यांतले बरेच इथेच जन्मलेले आहेत आणि त्यांचे तंटे सोडवायला त्यांचाच माणूस राजाने नेमलेला आहे, असं त्याने लिहून ठेवलं. आकडा थोडा सैल धरला तरी बंदर केवढं होतं ते कळतं.

जाताना आम्ही मुद्दाम माळशेजने उतरलो. आळेफाटा, ओतूर, घाट, मुरबाड, कल्याण, पनवेल, पेण, अलिबाग. सकाळी सहाला निघून जेवायला रेवदंड्यात. वाटेत मी मैत्रिणींना एका माणसाचा हिशेब सांगत होते, ज्याला हेच अंतर उलट दिशेने कापायला तीन आठवड्यांहून जास्त लागले. त्याचं नाव अफानासी निकितीन.

निकितीन रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी. व्होल्गा नदीतून माल घेऊन निघाला, आस्त्राखानजवळ तातारांनी त्याला लुटलं. परत जावं तर उधारीचा माल गेलेला, सावकार दारात. म्हणून पुढेच गेला. इराण ओलांडून होर्मुझला आला आणि जवळ होतं नव्हतं ते घालून एक घोडा घेतला, कारण हिंदुस्थानात चांगले घोडे पैदा होत नाहीत आणि तिथे त्यांना सोन्याचा भाव आहे असं त्याने ऐकलं होतं. घोड्यासकट गलबतात बसून सहा आठवड्यांनी चौलच्या बंदरात उतरला. साल १४६९ च्या सुमाराचं. वास्को द गामा कालिकतला यायला अजून जवळजवळ तीस वर्षं होती.

चौलमध्ये त्याला सगळ्यात आश्चर्य वाटलं ते लोकांच्या कपड्यांचं, म्हणजे नसलेल्या कपड्यांचं. बाया डोक्यावर पदर घेत नाहीत, केसांची एक वेणी घालतात, आणि आपण रस्त्याने निघालो की गोऱ्या माणसाला बघायला गर्दी मागे येते, असं तो लिहितो. तिथून घोडा घेऊन आठ दिवसांनी पाली, पुढे दहा दिवसांनी उमरी, आणि आणखी आठवड्याच्या आत-बाहेर जुन्नर. पाली म्हणजे सुधागडातलं बल्लाळेश्वराचं पाली, असं सहसा मानतात. म्हणजे बिचाऱ्याने नकळत अष्टविनायकातली दोन गावं केली.

जुन्नरला पोचेपर्यंत पाऊस लागला. पुढचं वर्णन वाचताना आपल्यापैकी कुणालाही हसू येईल. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, असं तो लिहितो. तो पावसाळ्याला हिवाळाच समजतो, कारण त्याच्या गावी माणसं घरात अडकून पडतात ती हिवाळ्यात. याच दिवसांत इथले लोक नांगरतात आणि पेरतात याचं त्याला नवल. किल्ला कुणा माणसाने बांधलेला नाही, देवानेच खडकाचा केला आहे, वर जायची वाट इतकी अरुंद की दोन माणसं शेजारून जाऊ शकत नाहीत, असंही नोंदवतो. घोड्यांना इथे हरभरा घालतात आणि साखर-तूप घातलेली खिचडी शिजवून खायला देतात, हेही. जुन्नरच्या खिचडीची ही साडेपाचशे वर्षांपूर्वीची नोंद माझ्या आईला सांगितली तेव्हा ती म्हणाली, “घोड्याला साखर-तूप? आम्हाला नाही मिळालं कधी.”

मग संकट आलं. जुन्नरचा सुभेदार असद खान बहमनी सुलतानाचा माणूस. हा परका मुसलमान नाही असं कळल्यावर त्याने घोडा काढून घेतला. अट घातली: आमच्या धर्मात ये, घोडाही देतो आणि वर हजार सोन्याची नाणी देतो. नाही आलास तर घोडा गेला, आणि हजार नाणी तुझ्याकडूनच वसूल करीन. मुदत चार दिवसांची. एकटा माणूस, परका मुलूख, आयुष्याची सगळी पुंजी म्हणजे तो घोडा. मुदत संपायच्या आदल्या दिवशी खुरासानचा एक ख्वाजा महंमद जुन्नरला आला. निकितीनने त्याचे पाय धरले. ख्वाजा खानाकडे गेला, बोलला, घोडा सुटला, धर्मही राहिला. निकितीनच्या लेखी हा देवाचा चमत्कार. मला यात दुसरंही दिसतं. बाटवणारा मुसलमान, सोडवणाराही मुसलमान. बाटवणारा सुभेदार, सोडवणारा बहुतेक त्याच्यासारखाच व्यापारी. त्या काळची माणसं एका ओळीत बसवायला गेलं की अशी अडचण होते.

माझ्या मनात त्याची एक वेगळीच गोष्ट घर करून आहे. लुटालुटीत त्याची धर्माची पुस्तकं गेली. त्यामुळे ईस्टर कधी, उपास कधी, हे त्याला कळेना. आजूबाजूला त्याची दिनदर्शिका पाळणारं कुणीच नाही. तो आकाशातले तारे बघून अंदाजाने दिवस धरायचा आणि चुकले असतील म्हणून रडायचा. आमच्या धंद्यात दूरवरच्या यंत्राचं घड्याळ मुख्य घड्याळापासून तुटलं की ते हळूहळू भरकटत जातं आणि त्याला स्वतःला ते कळत नाही. निकितीनला कळत होतं, हा फरक. मी अमेरिकेत होते तेव्हा पहिल्या वर्षी पाडवा कधी गेला ते दोन दिवसांनी समजलं. मला फोन करायला माणसं होती.

तर रेवदंडा. अलिबागकडून येणारा रस्ता कोटाच्या तटातूनच आत शिरतो. या कोटाला आगरकोट म्हणतात आणि आत शिरल्यावर नावाचं कारण दिसतं: आत नारळी-पोफळीच्या आगरांचं रान आहे. चौल हे वरचं, जुनं गाव. रेवदंडा हे खालचं, कुंडलिकेच्या मुखावरचं पोर्तुगीज चौल. पोर्तुगीजांची इथली पहिली आठवण पराभवाची आहे. १५०८ च्या मार्चमध्ये इजिप्तच्या आरमाराने आणि दीवच्या मलिक अयाझने त्यांना याच खाडीत गाठलं. त्यात व्हाइसरॉयचा मुलगा लॉरेन्सू द आल्मैदा मारला गेला. बापाने पुढच्या वर्षी दीवला सूड घेतला. १५१६ मध्ये इथे वखार झाली, १५२१ ते १५२४ मध्ये कोट.

आणि परवानगी कुणाची? अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाची. इथे पुन्हा जुन्नर येतं. निजामशाही सुरू झाली ती जुन्नरहून. मलिक अहमद जुन्नरचा सुभेदार होता, १४९० मध्ये तो बहमनीपासून स्वतंत्र झाला आणि नंतर त्याने अहमदनगर वसवलं. त्या राज्याला घोडे, तांबं, मोती, यात्रेकरू, सगळं चौलमधून मिळायचं. म्हणजे चौलचा मालक जुन्नरचा माणूस होता असं म्हटलं तरी फार ताणल्यासारखं होणार नाही. पुढे बिनसलं. १५७०-७१ मध्ये मूर्तजा निजामशहाने रेवदंड्याला वेढा घातला, कोट पडला नाही. १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजांनी वेढा दिला, तेव्हाही पडला नाही. वसई गेल्यावर मात्र पोर्तुगीजांना उत्तरेत टिकणं कठीण झालं आणि १७४० च्या तहात रेवदंडा न लढता मराठ्यांकडे आला.

आत फिरताना आधी दरवाजावरचं पोर्तुगालचं राजचिन्ह बघितलं. मग जेझुइटांच्या मठाचे अवशेष, डॉमिनिकन चर्चची कमान, सेंट झेवियरची लहानशी चॅपल, १५१६ च्या वखारीचा चौकोनी बुरूज. सगळ्यात उंच तो सातखणी मनोरा. हा फ्रान्सिस्कन चर्चचा. नाव सात खणांचं, पण आज सातही उभे नाहीत. खाली उभं राहून वर बघितलं की मजल्यांच्या जागी नुसती भिंतीतली भोकं दिसतात आणि वरच्या चौकटीत आभाळ. समुद्रावरून येणाऱ्या जहाजांना बंदराची पहिली खूण हीच असणार.

माझा एक आक्षेप आहे तो सांगून टाकते. हे संरक्षित स्मारक आहे, निळा फलक आहे, नुकसान केल्यास शिक्षा आहे. पण हा मठ कशाचा, इथे माल कुठे उतरायचा, जकात कुठे द्यायची, पाणी कुठून यायचं, हे सांगणारा एक साधा नकाशा आम्हाला सापडला नाही. वाडीतला एक माणूस भेटला म्हणून आम्हाला निम्मं कळलं. तटावर चढून समुद्राकडे तोंड केल्यावर तोच म्हणाला, “ताई, आता इथे मोठी होडी येईल का? गाळ बघा किती.” बंदराचं मरण असं हळू येतं. खाडी गाळाने भरत गेली. शिवाय सतराव्या शतकात इंग्रजांची मुंबई वर आली. चौलचं नाव रेशमी आणि सुती कापडासाठी, लाखेने रंगवलेल्या पेट्यांसाठी होतं. इंग्रजांनी चौलचे विणकर मुंबईत बोलावून वसवले. बंदराला पाणी लागतं, तशी माणसंही लागतात. ती गेली.

निकितीनचं स्मारक कोटात नाही. ते रेवदंड्यातल्या एका शाळेच्या आवारात आहे, २००२ साली उभारलेलं. आम्ही गेलो तो शनिवार होता, सकाळची शाळा सुटून काही मुलं मागे क्रिकेट खेळत होती. हे काय आहे असं विचारल्यावर त्यांतला एक म्हणाला, “तो रशियाचा माणूस. घोडा घेऊन आला होता.” कुठे गेला पुढे? “वर. घाटावर.” त्या पोराला मी सांगितलं की आम्ही तिथूनच आलो, तेव्हा त्याने आमच्याकडे जरा आदराने बघितलं. जुन्या लोकांना १९५७ चा ‘परदेसी’ सिनेमा आठवेल, ख्वाजा अहमद अब्बासांचा, नर्गिस आणि बलराज सहानी असलेला. तो याच निकितीनवरचा. रेवदंड्याच्या मुलांना हा माणूस माहीत आहे कारण तो त्यांच्या मैदानात उभा आहे. आपल्याकडे तो दोन महिने मुक्कामाला होता आणि त्याच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं संकट आपल्याकडे घडलं. त्याची एक पाटीही आपल्या तालुक्यात माझ्या पाहण्यात नाही.

दुपारनंतर चौलच्या वाड्यांमधून चाललो. इथे वाडी म्हणजे नारळी-पोफळीचं आगर आणि त्यातलं घर. रस्त्याला लागून गडगा, आत सावली, वळणाची पायवाट, मग कौलारू घर. पुढे ओटी, ओटीवर झोपाळा, आत माजघर, मागे पडवी, बाजूला विहीर. विहिरीवर पूर्वी रहाट असायचा, त्याची गाडगी पाणी वर आणून पाटात ओतायची आणि पाट झाडाझाडाशी फिरायचा. आता मोटार आहे. एका घरी मात्र रहाटाचा लाकडी सांगाडा अजून विहिरीवर होता. तो बघायला थांबलो तर आतून एक आजी आल्या.

“कुठून आलात गो बायांनो?”

“नारायणगावहून, आजी. जुन्नरजवळ.”

“नारायणगाव? तुमचा टोमॅटो येतो आमच्याकडे.”

ओटीवर बसवून त्यांनी कोकम दिलं. घर त्यांच्या आजेसासऱ्यांच्या वेळचं. मुलगे दोघे मुंबईला. सुपारीला भाव नाही, झाडावर चढणारा माणूस मिळत नाही. आणि दर पंधरा दिवसांनी कुणीतरी गाडी लावून विचारायला येतं, वाडी द्यायची का. समुद्र जवळ आहे, मुंबईहून बोटीने मांडव्याला तासाभरात येता येतं, आठवडी सुट्टीला येणाऱ्यांसाठी बंगले बांधायचे आहेत. “मी सांगते, आत्ता नाही,” आजी म्हणाल्या. “ते लिहून घेतात. आत्ता नाही म्हणजे पुढे हो, असं लिहीत असतील.” रहाट का ठेवलाय, विचारलं. “काढायला पैसे मागतात. असू दे म्हटलं.” मग थोडं थांबून, “आणि पोरं सुट्टीला आली की त्यावर बसतात.”

हे ऐकताना मला आमचा वाडा आठवत होता. आमच्या बॅचच्या बऱ्याच जणी तिथे परीक्षेच्या वेळी अभ्यासाला यायच्या, त्यांना तो माहीत आहे. दगडी जोतं, दिंडीचा दरवाजा, सोपा, मधला चौक, माडी, मागे बळद. तीन चुलत घरांत वाटलेला. यंदा दिवाळीत बिल्डरचा प्रस्ताव घरात आला आणि जूनच्या आत उत्तर द्यायचं आहे. माझ्या एका चुलतभावाचं म्हणणं रास्त आहे: गळतं, वाळवी लागली आहे, तीन घरांत संडास एक. ज्याला रोज तिथे राहायचं आहे त्याला पुण्यात फ्लॅट असलेल्या बहिणीने वाड्याचं कौतुक ऐकवू नये.

पण चौलमध्ये फिरताना एक गोष्ट डोळ्यांना सारखी दिसत होती, ती त्याला मी सांगितली आहे. तिथे कायद्याने राखलेल्या भिंती उभ्या आहेत, पण रिकाम्या आहेत. आणि जे कुणी न राखता टिकलं आहे ते वापरात आहे म्हणून टिकलं आहे. रामेश्वराचं देऊळ आणि त्याची पुष्करणी: रोज पूजा, म्हणून दगड हलला तर गावकरी बसवतात. रेवदंड्यातलं बेथ एल सिनेगॉग: बेने इस्रायली कुटुंबं बहुतेक इस्रायलला गेली, चेऊलकर, रोहेकर, किहीमकर अशी आडनावं तिकडे जाऊनही टिकली, आणि इकडे सिनेगॉगचं दार उघडायला माणूस आहे. हीच माणसं एकेकाळी तेलाचे घाणे चालवायची आणि शनिवारी घाणा बंद ठेवायची, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. निजामशाहीतला हमाम मात्र बघा. त्यात आज कुणी आंघोळ करत नाही, आणि आम्ही गेलो तेव्हा त्यात झुडपं होती.

सगळ्यात चांगलं राखलेलं स्मारक खाडीपलीकडे आहे आणि ते दगडाचं नाही. पूल ओलांडून कोर्लईला गेलो. वर किल्ला आहे, पोर्तुगीजांनी १५९४ मध्ये निजामशहाकडून घेतलेला, लांबट डोंगराच्या पाठीवर कुठल्या तरी प्राण्यासारखा पसरलेला. खाली ख्रिस्ती वस्ती आहे. ही हजारेक माणसं घरात जी भाषा बोलतात ती पोर्तुगीजातून झालेली आहे. तिला ती ‘नो लिंग’ म्हणतात, आमची भाषा. पोर्तुगीज जाऊन पावणेतीनशे वर्षं झाली, धर्मगुरूंनी, व्यापाऱ्यांनी, सैनिकांनी केव्हाच बाडबिस्तरा गुंडाळला, आणि भाषा राहिली. राहिली, पण तशीच नाही. शेजार मराठीचा, शाळा मराठी, बाजार मराठी. त्यामुळे पोर्तुगीजात जे क्रियापद मध्ये यायचं ते यांच्या बोलीत मराठीसारखं वाक्याच्या शेवटी गेलं. शब्द लिस्बनचे आणि वाक्याची बांधणी रायगड जिल्ह्याची. दुकानात दोन बाया आपसांत बोलत होत्या, आम्ही उगाच बिस्किटं निवडत उभ्या राहिलो. काही कळलं नाही, पण वाक्य कुठे संपतं ते बरोबर कळत होतं.

म्हणून वाड्याबद्दल माझं मत असं झालं आहे आणि ते मी घरी मांडलं आहे: पुढचा सोपा, दिंडी आणि चौक ठेवायचा, मागचा पडका भाग उतरवून तिथे तीन कुटुंबांची नीट, संडास-बाथरूम असलेली घरं बांधायची. पैसे कमी मिळतील. लाकूडकाम करणारे दोन सुतार जुन्नरला आहेत, त्यांच्याकडून खर्चाचा अंदाज घेतला आहे. चुलतभाऊ हो म्हणालेला नाही. नाहीही म्हणालेला नाही. आजींच्या ‘आत्ता नाही’च्या जवळपास कुठेतरी तो आहे.

निकितीनचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. जुन्नरचा पाऊस ओसरल्यावर तो बिदरला गेला. घोडा तिथे विकला. वर्षभर त्याला पोसायला किती खर्च आला तेही त्याने लिहून ठेवलं आहे: अडुसष्ट फुतून, हे त्या वेळचं नाणं. माणूस शेवटपर्यंत व्यापारीच. एकूण धंदा त्याला आतबट्ट्याचा वाटला. ज्यांनी इथे माल भरपूर आहे म्हणून सांगितलं ते खोटं बोलले, मिरी आणि रंग स्वस्त आहेत पण आपल्या देशात खपेल असं काही नाही, जकात भारी आणि समुद्रावर चाचे फार, असा त्याचा शेरा आहे. परतीच्या वाटेवर स्मोलेन्स्कजवळ तो वारला, त्वेरला पोचलाच नाही. वह्या मात्र पोचल्या. १४७५ मध्ये त्या मॉस्कोच्या दरबारातल्या एका कारकुनाच्या हाती लागल्या आणि इतिवृत्तात उतरवून घेतल्या गेल्या. त्या कारकुनाने कंटाळा केला असता तर जुन्नरचा तो पावसाळा आपल्याला ठाऊक झाला नसता.

परत आल्यावर आठवड्याने मी जुन्नरला हापूसबागेत गेले. तिथे निजामशाही काळातला एक मोठा घुमट आहे, आपण लहानपणी त्याच्या बाजूने सायकलवर गेलेलो आहोत. शेताच्या मध्ये उभा आहे, आत आवाज घुमतो म्हणून आपण आरोळ्या ठोकायचो. त्याला लोक सौदागर घुमट म्हणतात. सौदागर म्हणजे व्यापारी, आणि त्या काळी बऱ्याचदा घोड्यांचा व्यापारी. इतकी वर्षं ते नाव कानांवर पडत होतं. चौलचं बंदर बघून आल्यावर ते मला पहिल्यांदा ऐकू आलं.

मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी सात वाजता, ज्यांना परतीची घाई नसेल त्यांनी बसस्थानकासमोर यावं. दोन गाड्या आहेत, दहा जणांची सोय होईल. आधी सौदागर घुमट, मग मानमोडी, अयमाचा लेख दाखवेन. उन्हाच्या आत परत येऊ. पाण्याची बाटली आणि साधे बूट आणा, शेतातून चालायचं आहे.